पहिली नेमणूक : नाशिक

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला आधीच बजावलं होतं, की पाककृती नकोत, अष्टविनायक आणि चारधामची प्रवासवर्णनं आलेली आहेत, तुम्ही आपल्या खात्यातलं काहीतरी लिहा. माझं खातं म्हणजे पाटबंधारे. मी तिथे अनुरेखक होते. हे पद काय असतं ते आताच्या मुलांना समजावून सांगावं लागतं. साहेबांनी किंवा आरेखकाने पेन्सिलीने काढलेला नकाशा ट्रेसिंगवर शाईने जसाच्या तसा उतरवायचा. रेघ थरथरली की ब्लेडने खरवडायची आणि पुन्हा ओढायची. कॉम्प्युटर आला आणि आमची जमात संपली. पण माझे तीस पावसाळे धरणांच्या भिंती, कालव्याच्या चाऱ्या आणि दरवाजे उतरवण्यात गेले.

दर १५ सप्टेंबरला आमच्या ऑफिसात एका टेबलावर पांढरं कापड टाकून एक फोटो ठेवला जाई. डोक्याला पगडी, अंगात बंद गळ्याचा कोट, चेहऱ्यावर हसू नाही. हार घातला जाई, साहेब चार शब्द बोलत, मग पेढा आणि चहा. अभियंता दिन. इतकी वर्षं तो पेढा खाल्ला, पण त्या गृहस्थांची पहिली नोकरी आपल्याच नाशिक जिल्ह्यात होती, हे मला निवृत्तीनंतर कळलं. तेही नातीमुळे.

नात सिव्हिलचा डिप्लोमा झाली. तिला ग्रीन बिल्डिंगचं काम करायचंय. म्हणजे इमारत कमी वीज खाईल, पाणी जिरवेल, उन्हाळ्यात आपोआप थंड राहील असं बघायचं. यासाठी आता 'गृह' नावाचं मानांकन आहे, परीक्षा आहेत, एनर्जी ऑडिट करणारी माणसं आहेत. नाशिकला अशाच एका छोट्या ऑफिसात तिला काम मिळत होतं, पगार मात्र बेताचा. दुसरीकडे एका ठेकेदाराकडे साइटवर जवळजवळ दुप्पट पगार. तिचे बाबा म्हणत, आधी पोट भरेल ते कर, झाडं मग लाव. घरात दोन आठवडे कोणी धड जेवलं नाही. तिने मला विचारलं, की ज्या कामाला अजून नीट नावसुद्धा नाही त्या कामात लोक सुरुवात कशी करत असतील. तिची अपेक्षा होती की मी लॉरी बेकरबद्दल काही सांगेन. बेकर मोठेच होते, पण ते केरळात. मी म्हटलं, थांब, आपल्या पेढ्याच्या फोटोतल्या माणसाचं काय ते बघू. म्हणून त्यांचं आत्मकथन मिळवून वाचलं आणि हा लेख झाला. व्हॉट्सॅपवर त्यांच्या नावाने फिरणाऱ्या गोष्टी, त्या आगगाडीच्या आणि मेणबत्तीच्या, मी मुद्दाम वगळल्यात.

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या जन्मले १५ सप्टेंबर १८६१ ला, मुद्देनहळ्ळी गावात. हे गाव बंगळूरच्या उत्तरेला, चिक्कबळ्ळापूरजवळ, नंदीच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. वडील श्रीनिवास शास्त्री संस्कृतचे विद्वान, म्हणजे घरात पोथ्या भरपूर आणि पैसा नाही. शाळेत असतानाच वडील गेले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात बी. ए. पर्यंतचं शिक्षण त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेऊन केलं. मग म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याला आले, कॉलेज ऑफ सायन्समध्ये. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो तेच हे कॉलेज. १८८३ साली एल. सी. ई. च्या परीक्षेत मुंबई इलाख्यात पहिला नंबर. त्या वेळी पहिल्या येणाऱ्याला सरकारी नोकरी ठरलेली असे, म्हणून १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात सहाय्यक अभियंता. वय तेवीसच्या आत. नेमणूक नाशिक.

नाशिकमध्ये ते फार दिवस राहिले नाहीत, लवकरच खानदेशात गेले, म्हणून आपल्या जिल्ह्याने त्यांच्यावर फार हक्क सांगू नये. पण सुरुवात ती सुरुवात. आणि धुळ्याकडे जे पहिलं मोठं काम गळ्यात पडलं ते मी नातीला दोनदा सांगितलं. पांझरा नदीच्या एका पात्राखालून कालव्याचं पाणी पलीकडे न्यायचं, म्हणजे नळाचा सायफन बांधायचा. जागा दातर्ती. ऐन पावसाळ्यात काम निघालं. पायासाठी खोदावं आणि पुरासोबत वाळू येऊन खड्डा भरावा, पुन्हा खोदावं, पुन्हा भरावा. या नवीन पोराने वरिष्ठांना कळवलं, की पावसाळा सरेपर्यंत काम थांबवू या, उगाच सरकारचा पैसा वाहून जातोय. वरिष्ठ गोऱ्या साहेबाला ते आवडलं नाही. नवीन माणूस आणि कामाला नाही म्हणतो, अशी नोंद होण्याची वेळ आली. शेवटी त्यांनी पुढच्या अडचणी सोसून काम पुरं केलं आणि मग त्याच खात्याने शाबासकीही दिली. ऑफिसात जे तीस वर्षं बसले आहेत त्यांना यातलं सगळं कळेल. नदीचं म्हणणं एक असतं आणि मार्चअखेरचं दुसरं.

पण मला त्या पांझराकाठाचं आणखी एक वाटतं. तिथे, आणि आपल्या जिल्ह्यात मोसम-गिरणेच्या काठाला, फड पद्धत शेकडो वर्षांपासून होती. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, ऊस म्हणजे ऊस, पुढच्या वर्षी तो फड बदलायचा. पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. कोणाच्या वावरात किती पाणी हे तो ठरवणार, पाटील असला तरी त्याच्या रांगेत. ना इंजिन, ना वीज, ना मोठी भिंत. विश्वेश्वरय्यांनी पुढे पंधरा वर्षांनी पुणे भागात जी ब्लॉक पद्धत आणली तिचा तोंडवळा या फडाशी इतका जुळतो, की पोरवयात बघितलेलं डोक्यात राहिलं असावं असं मला आपलं वाटतं. कागदाचा पुरावा माझ्याकडे नाही, हा एका अनुरेखकाचा तर्क आहे.

मग आलं सक्कर. सिंधमधलं, तेव्हा मुंबई इलाख्यातच होतं. १८९३ च्या सुमारास त्यांना तिथे नगरपालिकेच्या पाणीयोजनेसाठी पाठवलं. गावाला लागून सिंधू नदी, पाण्याला तोटा नाही, पण पाणी म्हणजे नुसता गाळ. ते टेकडीवर चढवायचं, साठवायचं, तिथून गावात सोडायचं, इथवर ठीक. पण गाळण्यासाठी मोठे हौद बांधायला नगरपालिकेकडे पैसे नव्हते. तेव्हा त्यांनी नदीच्या पात्रातच, काठाजवळ, विहीर खणली. नदीचं पाणी वाळूतून झिरपत झिरपत विहिरीत येई आणि येताना निवळे. जी वाळू दातर्तीला वैरी झाली होती तिलाच इथे गाळणीच्या कामाला लावलं. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ खिडकीत बसले. कारण माझ्या खिडकीतून आपल्या 'बी' विंगचं पार्किंग दिसतं.

जुन्या सभासदांना माहीत आहे, नव्यांना सांगते. आपला प्लॉट घेतला तेव्हा त्यात एक विहीर होती. दगडी बांधीव, पंधरा फूट व्यासाची, उन्हाळ्यात तळाला का होईना पण पाणी असलेली. बांधकाम समितीत मला घेतलं होतं ते एवढ्याचसाठी, की मला ड्रॉइंग वाचता येतं. विहीर ठेवली तर चार गाड्यांची जागा जात होती. मुलं पडतील, डास होतील, आता काय नळ येणारच आहे, अशी चर्चा झाली आणि तीत मीही होते. नकाशावर त्या वर्तुळावर तिरप्या रेघा मारून 'बुजवणे' असं माझ्याच हाताने, खात्यातल्या छान अक्षरात, लिहिलं. अंगणालाही काँक्रीट घातलं, कारण चिखल होतो. गच्चीचे सगळे पाइप गटाराला जोडले. ज्या बाईने आयुष्यभर धरणं काढली तिने हे केलं. रौप्यमहोत्सवाच्या स्मरणिकेत हे लिहावं की नाही असं मी संपादकांना विचारलं, ते हो म्हणाले.

असो. पुन्हा त्यांच्याकडे.

सुरतेची पाणीयोजना करून ते पुण्याला आले आणि पुण्याची वर्षं मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात रसाळ वाटतात. रानडे आणि गोखल्यांसारखी माणसं मित्र, डेक्कन क्लबच्या स्थापनेत त्यांचा सहभाग, आणि नोकरी मुठा कालव्याची. तेव्हा खडकवासल्याच्या जलाशयाला फाइफसाहेबांचं नाव होतं. दर पावसाळ्यात त्या धरणाच्या सांडव्यावरून कित्येक फूट उंच पाणी वाहून जाई आणि उन्हाळ्यात पुणे कॅम्प आणि शेतकरी दोघेही ओरडत. सरळ उपाय भिंत उंच करण्याचा. पण जुनी भिंत, तिच्यावर भार वाढवणं धोक्याचं. त्यांनी भिंतीला हातच लावला नाही. सांडव्यावर दरवाजे बसवले, आणि तेही असे, की पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की दरवाजे आपले आपण उघडतील, पूर ओसरला की आपले आपण मिटतील. रात्री दोन वाजता नदीला लोंढा आला तरी चौकीदाराला उठवायला नको. १९०३ साली हे दरवाजे बसले. आहे त्याच धरणात जास्त पाणी मावू लागलं, नवीन दगड न लावता. पुढे ग्वाल्हेरजवळ टिग्र्याला आणि म्हैसूरच्या धरणावर त्यांनी हेच दरवाजे वापरले. अशा दरवाजांची मी ट्रेसिंगं केली आहेत, त्यातल्या साखळीचा एकेक दुवा काढताना मान मोडते, पण आपण काय काढतोय हे तेव्हा कोणी समजावलं नाही.

दुसरं काम नीरा कालव्यावरचं, १८९९ च्या सुमारास सुरू केलेलं. कालव्याच्या तोंडाशी असणारे लोक ऊस लावत आणि पाणी हवं तेवढं घेत. त्यांच्या रानात पाणी साचून जमिनी चिबड होत, डास वाढत, हिवतापाने माणसं आजारी पडत. आणि शेपटाकडच्या गावांना काहीच नाही. हे वर्णन एकशे वीस वर्षांपूर्वीचं आहे हे मुद्दाम सांगते, नाहीतर पालखेडच्या पुच्छभागातल्या कोणाला वाटेल की कालची गोष्ट आहे. त्यांनी पाणी जास्त गावांत वाटून टाकलं. ठरावीक क्षेत्राचे ब्लॉक पाडले, त्यात थोड्या भागातच ऊस, बाकी कमी पाण्याची पिकं, आणि पाणी पाळीपाळीने. ऊसवाल्यांनी आरडाओरडा केला, पुण्यात विरोध झाला, सरकार आमचं पाणी तोडतंय अशी ओरड झाली. ते सभांना गेले, बागायतदारांसमोर उभे राहून समजावलं आणि पद्धत चालू झाली. आपल्याकडे आवर्तन हा शब्द आबालवृद्धांच्या तोंडी आहे. पालखेडच्या डाव्या कालव्याला आवर्तन सुटलं, नगरपालिकेचा साठवण तलाव भरला, तर आपल्या नळाला पाणी. आवर्तन लांबलं की सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींना शिव्या. बिचाऱ्यांचा काय दोष?

एडन, जपानची वारी, कोल्हापूरच्या पाणीयोजनेचं धरण, ही कामं इथे नुसती नावापुरती घेते. सांगायचं ते हे, की इतकं करूनही मुंबई इलाख्याचा मुख्य अभियंता व्हायची वाट त्यांना बंद होती, ती जागा इंग्रजांची. हे लक्षात आल्यावर १९०८ साली त्यांनी नोकरी सोडली. सेवा झाली होती जवळजवळ चोवीस वर्षं, म्हणजे पूर्ण पेन्शनला बसणारी पंचवीस वर्षं भरायला थोडी कमीच. हे मी माझ्या मुलाला वाचून दाखवलं तेव्हा तो नातीकडे न बघता पेपर वाचत राहिला.

त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादला मुसी नदीला प्रलय आला. हजारो माणसं गेली, नदीकाठची वस्ती पुसली गेली. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांना बोलावलं. तेव्हा ते परदेशात हिंडत होते. त्यांनी पुराचा अभ्यास करून शहराच्या वर, मुसी आणि तिच्या उपनदीवर, दोन तलाव सुचवले. ते पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर या नावांनी बांधले गेले, पहिला १९२० ला आणि दुसरा १९२७ ला पुरा झाला. पुराचं पाणी अडवायचं आणि तेच शहराने प्यायचं. शिवाय नदीकाठाला बागा करा, गटारं भूमिगत करा, हेही त्यांनी सांगितलं होतं. नात म्हणाली, आजी, याला आता वेगळी डिग्री असते.

१९०९ अखेर ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, १९१२ ते १९१८ दिवाण. या काळातलं सगळ्यांना माहीत असलेलं काम म्हणजे कावेरीवरचं कृष्णराजसागर. वृंदावन गार्डनला आपल्या सोसायटीची सहल गेली होती, त्यात निम्म्या लोकांनी कारंज्यांचे फोटो काढले आणि भिंतीकडे पाठ केली. ती भिंत बघण्यासारखी आहे. काम १९११ ला सुरू झालं. खालच्या मद्रास सरकारची हरकत, म्हणून आधी मंजुरी ऐंशी फुटांचीच. यांनी पाया मात्र एकशे तीस फुटांच्या हिशोबाने घातला. आणि ती एवढी भिंत उभी आहे सुरखीवर.

सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. ती चुन्यात मिसळली की चुना पाण्याखालीही घट्ट धरतो, नुसता चुना धरत नाही. तेव्हा आपल्याकडे पोर्टलंड सिमेंट जवळजवळ सगळं बोटीने यायचं, महाग पडायचं. त्यांनी चुना, सुरखी आणि दगड असं जवळपास मिळणारं सामान घेतलं. त्या धरणाचं काम पुरं व्हायला १९३१-३२ उजाडलं, तोवर ते दिवाण राहिलेलेही नव्हते.

माझं माहेर विणकराचं. येवल्यातल्या जुन्या गल्लीत दीड हात रुंदीच्या भिंतींचं घर, चुन्यात बांधलेलं, वर पांढऱ्या मातीचं धाबं, आणि खालच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला माग. वडील त्या खड्ड्यात पाय सोडून पैठणी विणत. मे महिन्यात बाहेर कावळा बसायला धजत नाही अशा दुपारीही त्या खोलीत पंखा नव्हता आणि लागतही नव्हता. रेशीम कोरडं पडून तुटू नये म्हणून खोलीत थोडी ओल हवीच असते, ती त्या भिंती धरून ठेवत. घर डागडुजीला काढलं की गल्लीच्या टोकाला चुन्याची घाणी लागे. गोल चर, त्यात दगडी चाक, आणि डोळ्यांना पट्टी बांधलेला बैल. चर, चुना, विटेची पूड, पाणी. आम्हा मुलांना ती पूड कपाळाला लावायचा नाद. आता त्याच घराच्या जागी भावाने चार मजले बांधलेत, सिमेंटचे, नऊ इंची भिंती, वर स्लॅब. मार्चपासून तिसऱ्या मजल्यावर दोन एसी चालतात, आणि माग केव्हाच गेला. भावाला मी दोष देत नाही. दीड हाताच्या भिंती घातल्या असत्या तर खोल्याच उरल्या नसत्या.

नातीला हे सुरखीचं पटलं, पण एका संध्याकाळी ती उलटली. म्हणाली, आजी, तू त्यांना ग्रीन ठरवायला निघालीस, पण धरणात गावं बुडाली त्याचं काय? खरं आहे. कन्नंबाडी हे गावच पाण्याखाली गेलं, देवळासकट. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना त्यांच्याच प्रयत्नाने उभा राहिला आणि त्याच्या भट्ट्या लाकडी कोळशावर चालत, म्हणजे मलनाडच्या रानातली झाडं तुटत. कारखाने काढा, उद्योग वाढवा हा तर त्यांचा जन्मभराचा घोष होता, त्या काळात झाडं मोजायला कोण बसलं होतं. मी तिला म्हटलं, मी कोणाला काही ठरवत नाही. ज्याने आहे त्या भिंतीत जास्त पाणी माववलं आणि ज्याने जंगल भट्टीत घातलं तो एकच माणूस आहे, आणि दोन्ही वेळा त्याच्या हातात हिशोबाची वही होती. वहीत जे धरलं नाही ते दिसलं नाही. माझ्याही नाही का? मी चार गाड्या धरल्या होत्या, विहीर धरली नव्हती. यावर ती काही बोलली नाही, पण वाद तिथे मिटला असंही नाही.

राहिलेलं आयुष्य मोठं आहे, थोडक्यात सांगते. १९१३ ला म्हैसूर बँक, १९१६ ला म्हैसूर विद्यापीठ, दिवाणगिरीनंतर निरनिराळ्या संस्थानांना आणि नगरपालिकांना सल्ला, नियोजनावर १९३४ ला पुस्तक. नव्वदीत असताना बिहारात मोकामाजवळ गंगेवर पूल कुठे बांधावा याचा सल्ला द्यायला गेले. १९५५ साली भारतरत्न. एप्रिल १९६२ मध्ये, वयाची शंभरी ओलांडून, बंगळूरला वारले. शंभर वर्षं जगलेल्या माणसाचं आत्मकथन वाचताना मला वाटलं होतं की घरच्या गोष्टी भरपूर असतील. नाहीत. कामंच कामं. नळ, दरवाजे, अंदाजपत्रक. नावातच त्यांनी ते कामाच्या आयुष्याचं आत्मकथन आहे असं सांगून टाकलंय.

आता आमच्या घरातलं उरलेलं. नातीने शेवटी नाशिकचं ऑफिस घेतलं. बाबांना तिने दोन वर्षं मागितली आहेत, त्यांनी दीड दिलीत. रोज येवल्याहून जाणं जमत नाही म्हणून ती आठवडाभर तिकडे असते आणि शनिवारी येते. मागच्या महिन्यात आली तीच टेप घेऊन आपल्या गच्चीवर चढली. दोन्ही विंग मिळून गच्ची भरली सहाशे चौरस मीटर. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटर धरला तर गच्चीवर पडतं तीन लाख लिटर. त्यातलं ऐंशी टक्के हाती लागलं तरी दोन लाख चाळीस हजार. दहा हजारांच्या टँकरने मोजलं तर चोवीस टँकर. गेल्या उन्हाळ्यात आपण किती मागवले ते खजिनदारांच्या वहीत आहे, मी इथे लिहीत नाही.

विहीर सगळी उकरावी लागणार नाही असं तिचं म्हणणं. आपण ती मुरूम आणि डबर टाकून बुजवली होती, त्यामुळे पाणी पोटात घ्यायला ती अजूनही बरी. गच्चीचे पाइप गटारातून सोडवून एका खड्ड्यात आणायचे, खड्ड्यात खाली दगड, वर खडी, वर वाळू, आणि तिथून पाणी विहिरीच्या जागेत. पहिल्या एक-दोन पावसांचं घाण पाणी वेगळं बाहेर काढायला एक कॉक. मात्र 'बी' विंगच्या कॉलमपासून पाणी किती लांब राहील हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने बघितल्याशिवाय एक कुदळ मारायची नाही, हे तिने तीन वेळा सांगितलं. तिचे साहेब येऊन बघणार आहेत. दोन गाड्यांची जागा जाईल. त्यातली एक आमची आहे.

विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या पत्रिकेवर सहाव्या क्रमांकाला आहे. मूळ नकाशा माझ्याकडे लोखंडी नळकांड्यात जपून ठेवलेला आहे, ट्रेसिंग थोडं पिवळं पडलंय, पण वर्तुळ स्वच्छ दिसतं. जिन्याच्या कोपऱ्यापासून विहिरीच्या मध्यापर्यंत अकरा मीटर चाळीस सेंटिमीटर. ज्यांना बघायचा असेल त्यांनी सभेच्या आधी कधीही, संध्याकाळी पाचनंतर, घरी यावं.